बाळ फणसळकरांची टाच

ही गोष्ट बाळ फणसळकरांच्या उजव्या टाचेची आहे. ती टाच वाचणार की जाणार, एवढाच तिचा विषय. वर्तकनगरातल्या त्यांच्या कॉलनीत पुढेपुढे हा विषय सगळ्यांना ठाऊक झाला, फक्त ज्यांची टाच त्यांनाच तो सगळ्यात शेवटी कळला.

फणसळकरांचं वय एकोणसत्तर. एकोणसत्तराव्या वर्षी ‘बाळ’ हे नाव मिरवणं कुणालाही जडच जाईल, पण त्यांना ते शोभून दिसायचं, कारण दुसऱ्याचं ऐकायचं नाही हा बाळपणातला गुण त्यांनी जिवापाड जपला होता. दुसऱ्याला ऐकवायची मात्र त्यांना भारी हौस. कॉलनीत कुणी जिना उतरताना कठड्याला नुसता हात लावला, तरी खालच्या पायरीवर फणसळकर उभे. ‘गुडघा? डावा ना? मला चालीवरून कळलं.’ मग निर्गुडीचं तेल, मग मेथीचे दाणे, मग सकाळी दवातलं गवत. एकदा स्मशानात लाकडं रचली जात असताना त्यांनी मयताच्या धाकट्या भावाला बाजूला घेऊन एरंडेलाचा पोटीस कसा बांधायचा ते समजावलं होतं. तो बिचारा मान डोलवत राहिला. त्याचा गुडघा दुखत नव्हता, तो रडून रडून वाकला होता.

एवढं वैद्यकीय ज्ञान त्यांना आलं कुठून, असा प्रश्न कुणाला पडायच्या आतच ते उत्तर देत. वागळे इस्टेटमध्ये औषधांची खोकी आणि आतल्या घडीच्या चिठ्ठ्या छापणारा एक कारखाना होता. तिथे फणसळकरांनी एकतीस वर्षं प्रुफं तपासली. गोळीने काय बरं होतं हे चिठ्ठीवर दोन ओळींत छापलेलं असतं आणि काय बिघडू शकतं हे दोन पानं भरून. एकतीस वर्षं ती दोन पानं अक्षर न् अक्षर वाचल्यामुळे त्यांची खात्री पटली होती, की डॉक्टर लोक माणसाला मारायलाच बसलेत आणि ही बातमी फक्त आपल्याला फुटली आहे.

त्यामुळे चार वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, तेव्हा फणसळकरांनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि ते हसले. ‘अगं मंदा, हिचं प्रूफ मीच पाहिलंय,’ ते बायकोला म्हणाले. ‘उलटी, जुलाब, चक्कर. सगळं माझ्या हातून गेलंय.’ गोळी त्यांनी महिनाभर अर्धी घेतली, मग बंद केली आणि कारल्याचा रस सुरू केला. रसानंतर तोंडाची कडू चव जावी म्हणून वर एक पेढा.

मंदाकिनीबाई प्राथमिक शाळेत तेहतीस वर्षं शिक्षिका होत्या. सुरुवातीला त्या भांडल्या. मग त्यांनी हात टेकले. माणूस धडधाकट दिसतो, जिने चढतो, चारचौघांत मोठ्याने बोलतो, तर रोज उठून कुणी कुणाशी भांडायचं?

दोन वर्षांनी फणसळकरांच्या पावलांची आग व्हायला लागली. संध्याकाळी तर तव्यावर उभं राहिल्यासारखं वाटायचं. मुंग्या यायच्या. ही गोष्ट मात्र त्यांनी कॉलनीत कुणालाही सांगितली नाही, कारण वैद्य स्वतः आजारी पडला तर दुकान बसतं. त्यांनी कॉलनीच्या हॉलमध्ये भरलेल्या एका प्रदर्शनातून टोचऱ्या दाण्यांच्या अ‍ॅक्युप्रेशर चपला आणल्या आणि दिवसभर त्याच घालून ते घरात फिरू लागले. सहाएक महिन्यांत आग थांबली. मुंग्याही गेल्या. फणसळकरांची छाती फुगली. त्यांनी त्या चपला कॉलनीतल्या अकरा घरांत खपवल्या आणि लोकांनी त्या टाचांखाली सोसल्याही.

आग थांबली होती हे खरं. पण पाय बरा झाला म्हणून नव्हे. पायाने तक्रार करणं सोडलं होतं. साखरेने आतल्या नसा खाऊन टाकल्या होत्या, आणि ज्या पायाला आग कळत नाही त्याला दगड, काच, चटका, काहीच कळत नाही. एका गुरुवारी ते दत्ताच्या देवळातून घरी आले ते एकाच चपलेत. दुसरी वाटेत कुठे निसटली ते त्यांना सांगता येईना. ‘नामस्मरणात होतो,’ ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी नाम घेतल्याचं मंदाकिनीबाईंनी कधी ऐकलं नव्हतं.

आता विटेकडे येऊ. टाचदुखीवर फणसळकरांचा हुकमी इलाज म्हणजे तापलेली वीट. गॅसवर भाजकी वीट तापवायची, वर येऊरच्या रस्त्याकडेला उगवणाऱ्या रुईची पानं पसरायची, त्यावर ओलं फडकं आणि त्यावर टाच. हा इलाज जुना आहे, घरोघरी केला जातो आणि ज्याची टाच शाबूत आहे त्याला त्याने आरामही पडतो. मंदाकिनीबाईंच्या टाचा शाळेत उभं राहून राहून दुखायच्या, त्यांच्यावर हा प्रयोग तीन महिने चालला. शेवटी त्यांनी गुपचूप डॉक्टरांकडे जाऊन मऊ तळाच्या चपला घेतल्या, पोटरीला ताण द्यायचा व्यायाम शिकल्या आणि त्यांची टाच दुखायची थांबली. फणसळकरांनी ते यश विटेच्या नावावर जमा केलं. बाईंनी दुरुस्ती केली नाही. नंतर त्यांना या गोष्टीचा फार पश्चात्ताप झाला.

मे महिन्यातल्या एका शनिवारी कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात ‘टाचदुखी : घरगुती उपाय’ असा कार्यक्रम ठरला. वक्ते अर्थात फणसळकर. हॉलमागच्या स्वयंपाकघरात वीट तापवून ती परातीतून मिरवत आणली गेली. पहिला मान विनिताला मिळाला. ती एसटीत कंडक्टर होती, खोपट डेपोच्या गाड्यांमधून वीस वर्षं उभ्याने तिकिटं फाडून तिच्या टाचांचा चोथा झाला होता. तिने टाच टेकवली आणि तत्क्षणी वर घेतली.

‘काका, भाजतंय ओ.’

‘भाजणारच. त्याशिवाय वात निघतो का? ठेव.’

‘नाही ठेवत. पाय आहे माझा, भाकरी नाही.’

लोक हसले. फणसळकरांना हसणं मुळीच आवडलं नाही, कारण ते त्यांच्या विनोदावर नव्हतं. त्यांनी धोतराचा सोगा सावरावा तशी पँट वर घेतली, उजवी चप्पल काढली आणि टाच विटेवर ठेवली. ‘आजकाल कुणाला सोसायलाच नको,’ ते म्हणाले. ‘घड्याळ लावा. पाच मिनिटं.’

आणि ते पाच मिनिटं बोलले. वाताचे प्रकार सांगितले, नसांचं जाळं समजावलं, कारखान्यात आपण एका नामांकित गोळीच्या चिठ्ठीतली चूक कशी पकडली तेही सांगितलं. चेहऱ्यावर एक आठी नाही. मध्येच पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘काहीतरी करपतंय का?’

‘रुईचा वास आहे तो,’ फणसळकर म्हणाले. ‘सवय नाही तुम्हाला.’

पाच मिनिटांनी टाळ्या पडल्या. विनितासुद्धा ओशाळून म्हणाली, ‘मानलं बाबा तुम्हाला.’ फणसळकरांनी त्या दिवशी दोन कप चहा घेतला आणि घरी येताना मुद्दाम लांबच्या फाटकाने आले, म्हणजे वाटेत जास्त माणसं भेटतील.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना टाचेखाली काहीतरी मऊ लागतंय असं त्यांना हाताला कळलं, पायाला नाही. एवढं वाकून तळवा पाहणं त्यांना जमेना. बोटाला चिकट पाणी लागलं. फोड असावा. असेना. दुखत कुठे होता? आयुष्यभर त्यांनी लोकांना एकच प्रश्न विचारला होता, ‘दुखतं कुठे?’ आणि जे दुखत नाही ते नाहीच, अशी त्यांची साधी समजूत होती. त्यांनी हळद आणि मध कालवून लावला, वर मोजा चढवला. पुढचे नऊ दिवस, ऐन मे महिन्यात, ठाण्याच्या घामट उकाड्यात, ते घरात मोजे घालून फिरले. मंदाकिनीबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘फरशीचा गारवा बाधतो.’

दहाव्या दिवशी ते गॅलरीत उभे राहून फोनवर कुणाला तरी मुरगळलेल्या घोट्याबद्दल सांगत होते. ‘दुर्लक्ष करू नका हं. पाय म्हणजे शरीराचा पाया,’ असं वाक्य चालू होतं. मागे चाहूल लागली. मंदाकिनीबाई फडकं हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी आतल्या फरशीकडे बोट केलं. स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत पिवळट ओले ठसे उमटले होते, एकाआड एक पावलाला, सगळे उजव्या पायाचे.

‘मोजा काढा.’

‘अगं, काही नाही ते. दुखतच नाही.’

‘काढा म्हणते ना.’

तेहतीस वर्षं पोरांच्या खोट्या पोटदुख्या ऐकलेला तो आवाज होता. फणसळकर खुर्चीवर बसले. मोजा निघेना, तो कडेने चिकटला होता. निघाला तेव्हा वासाने बाईंनी पदर नाकाला लावला आणि तळवा पाहून पदर तसाच डोळ्यांपर्यंत नेला. त्या खूप घाबरल्या होत्या, आणि घाबरल्या की त्या रागवायच्या.

‘उठा. डॉक्टरांकडे.’

‘डॉक्टर काय करणार? उगाच गोळ्या…’

‘तुम्ही आला नाहीत तर हा मोजा घेऊन मी मंडळात जाते.’

फणसळकर पाच मिनिटांत तयार झाले.

डॉ. क्षिप्रा यांचा दवाखाना खोपटला होता. मधुमेहाच्या पायांचंच काम त्या करायच्या. वयाने पस्तिशीच्या. फणसळकरांनी त्यांना पाहूनच मनातल्या मनात नापास केलं. डॉक्टरांनी जखम पाहिली, पायाचा फोटो काढून आणायला लावला, फोटो दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिला.

‘काका, हाड अजून शाबूत आहे. चार दिवस उशिरा आला असतात तर मी वेगळं बोलले असते. टाच वाचू शकते. पण दोन-तीन महिने हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. अजिबात. संडासला जातानाही नाही. आणि साखरेची गोळी रोज, पूर्ण.’

‘पण दुखत नाहीये ना,’ फणसळकर समजुतीच्या सुरात म्हणाले. ‘दुखत असतं तर मीच टेकवला नसता. चालणं बंद केलं की रक्त साकळतं, हे मी स्वतः…’

‘दुखत नाही हाच आजार आहे तुमचा.’

हे वाक्य फणसळकरांना पटलं नाही. दुखत नाही म्हणून कुणी आजारी पडल्याचं त्यांनी एकाही चिठ्ठीत वाचलं नव्हतं. मंदाकिनीबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. हा माणूस घरी गेल्यावर तासाभरात पाय टेकवणार, हे दोघींनाही दिसत होतं. टेकवला की टाच गेली.

डॉक्टरांनी खणातून नायलॉनचा एक जाडसर ताठ तंतू काढला. ‘डोळे मिटा. हा मी पायाला दहा ठिकाणी टोचेन. लागला की हो म्हणायचं.’

परीक्षा म्हटल्यावर फणसळकर ताठ बसले. डोळे मिटले. ‘हो,’ ते म्हणाले. थोड्या वेळाने, ‘हो.’ मग ठरावीक अंतराने, आत्मविश्वासाने, ‘हो… हो… हो.’

‘उघडा डोळे. काका, तुम्ही नऊ वेळा हो म्हणालात. मी चार वेळा टोचलं. त्या चारही वेळेला तुम्ही गप्प होता.’

‘दोरा बारीक आहे तुमचा.’

‘अहो,’ मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता रागाचा नव्हता. ‘इथे मंडळ नाही. टाळ्या वाजवायला कुणी बसलेलं नाही. एकदा, माझ्यासाठी, लागेल तेव्हाच हो म्हणा.’

फणसळकरांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी त्यांनी खरोखर मन लावलं. माशी बसली तरी ओळखायची असं ठरवून त्यांनी सगळं लक्ष उजव्या पावलात नेलं. पंख्याची घरघर ऐकू येत होती. खाली एसटीचा कंडक्टर भिवंडी, भिवंडी ओरडत होता. ते वाट पाहत राहिले. डॉक्टर कागद भरत असाव्यात. किंवा तो दोरा कुठे ठेवला ते शोधत असाव्यात, हल्लीच्या पोरींना वस्तू जागच्या जागी ठेवायची सवयच नाही. आणखी थोडा वेळ गेला. शेवटी त्यांना राहवेना.

‘करा ना सुरू, डॉक्टर. मी केव्हाचा तयार आहे.’

खण उघडल्याचा आवाज आला.

‘झालं ते,’ मंदाकिनीबाई हळूच म्हणाल्या. ‘दहाही जागा झाल्या.’

फणसळकरांनी डोळे उघडले. डॉक्टर तंतू खणात ठेवत होत्या. मंदाकिनीबाई स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांनी नवऱ्याचं उजवं पाऊल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. किती वेळ धरलं होतं, हे फणसळकरांना सांगता आलं नसतं.