महामायाची तहकूब सभा

जळकोटाकडच्या आमच्या गावाला सरपंच दोन. कागदावर महामाया, आणि मोटारसायकलच्या पाटीवर तिचा नवरा आनंदराज. "काय सरपंच!" अशी हाक मारली की वळतो आनंदराज. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "तुला न्हाई रे, बाईला म्हटलो!" आठ दिवस बोलला नाही माझ्याशी.

बाई बारावी शिकलेली. पण पंचायतीची वही पाच वर्षं तिच्या चुलीपाशी आली. शिपाई नरसिंग पान उघडून धरायचा, ती पिठाचे हात पुसून सही करायची. वाचल्याबिगर मात्र नाही. भाकरी करपली तरी बेहत्तर. तिच्या हक्काच्या खुर्चीवर ती बसली एकदाच, निवडून आली तेव्हा, फोटोपुरती. पुढं जाता-येता पंचायतीच्या खिडकीतून खुर्चीकडं बघायची. माझा ओटा समोरच. मला न दिसायला काय झालं?

ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते. आमच्याकडं ती नरसिंगच्या पायांवर भरते. तो दारोदार हिंडतो, बाया सह्या करतात, झाली सभा! यंदा तिच्या सरपंचकीची मुदत संपायला आठ दिवस उरले आणि महामायानं वहीच ठेवून घेतली.

"सही करा की, वैनी."

"सभा झाली का?"

"सही म्हंजीच सभा."

"मग जिला सही करायची, तिनं हापिसात यावं. उद्या अकराला."

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून खुर्चीवर बसली. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत डोकावलो.

"काका, बायांची सभा हाय. बाहीर."

गेलो बाहेर. खिडकीशी उभा राहिलो.

दिवस सोयाबीन काढणीचे. सगळ्या बाया रानात. एक वाजेस्तोवर आल्या दोघी: म्हातारी कमलम्मा, आणि हातात विळा घेऊन सिंधु.

"बोल की माय," कमलम्मा म्हणाली, "आम्ही ऐकून राहिलो."

महामायानं वही मिटून बाजूला सारली. फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्या बायांना आडोसा नाही, संडास नाही, एवढंच बोलली; पण पाच वर्षं घोळवलेलं बोलली. सिंधु विळा खाली ठेवून ऐकत होती.

मग महामायानं वहीत लिहिलं, 'गणसंख्येअभावी सभा तहकूब.' खाली पुढची तारीख टाकली, काढणी उरकल्यानंतरची.

तेवढ्यात आनंदराज आला. तारीख बघून हसला. "अगं, तवर तुझी मुदत संपती."

"सरपंचाची संपती. गावातल्या बाईची कुठं संपती?"

"बरं, चल जेवायला."

"तुम्ही व्हा म्होरं," ती म्हणाली. "मी बसते जरा."