देवाची उजवी बाजू

तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेला माणूस त्या काळी आमच्या किनाऱ्यावर कोणालाच नको होता. मिठबावला घरी आलो तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, ‘ता सगळा बरा, पण पोटाचा काय?’ शेवटी मालवणजवळच्या एका गावातल्या हायस्कुलाने मला इंग्रजी आणि भूगोल शिकवायला तात्पुरतं घेतलं. अकरावीचा शनिवारचा धर्मविचाराचा तास दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं, तोही माझ्या गळ्यात बांधला. माझ्या आधीचे शिक्षक त्या तासाला मुलांकडून स्तोत्रं म्हणून घेत आणि स्वतः डुलकी काढत. मला दिवसा झोप लागत नाही आणि मी मुळातच तापट, त्यामुळे मी शिकवायला लागलो.

‘तात्पुरतं’ ह्या शब्दाला माझं लग्न अडकलं होतं. तोंडवलीची मुलगी मला पसंत होती, आणि आश्चर्य म्हणजे मीही तिला पसंत होतो. पण तिच्या वडिलांनी बजावलं होतं, ‘नोकरी कायम होऊंदे, मगे अक्षता. तात्पुरत्या मास्तराक माझा चेडू नाय.’ एप्रिलात शाळेची समिती मला कायम करायचं की नारळ द्यायचा हे ठरवणार होती. तोवर गप्प राहावं एवढी अक्कल मला असायला हवी होती.

पहिल्या तासाला मी देव असल्याचा पुरावा मांडला. होडी दिसली की ती बांधणारा सुतार असलाच पाहिजे. तसं जग दिसतं, म्हणजे ते बांधणाराही असलाच पाहिजे. मला वाटलं, वर्ग भारावून जाईल. मागच्या बाकावर एक विद्यार्थी होता, नापास होऊन होऊन पिकलेला. त्याच्या मिशा माझ्यापेक्षा भरघोस होत्या. नवा माणूस वर्गात आला की आधी त्यालाच नमस्कार करायचा. तो उठून म्हणाला, ‘सर, होडी एकट्या सुताराक जमणा नाय. चार-पाच जण लागतत.’

‘बरं, मग चार-पाच देव धर,’ मी म्हणालो.

‘आणि होडी झाली की सुतार पैसे घेऊन दुसऱ्या गावाक जाता. मगे ती बुडांदे नायतर तरांदे.’

वर्ग हसला. मीही हसलो असतो, पण शिक्षकाने हसायचं नसतं अशी माझी तेव्हा समजूत होती. मी त्याला बाकावर उभं केलं. उभा राहिल्यावर त्याचं डोकं वाशाला लागलं, म्हणून परत बसवलं.

पुढच्या शनिवारी पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, देव दयाळू असेल तर माशाला काटे कशाला दिले? ही समितीच्या अध्यक्षांची मुलगी. अध्यक्षांचा खोबऱ्याचा व्यापार होता आणि गावात त्यांच्या शब्दापुढे कोणी शब्द काढत नसे, मुलगी सोडून. मी म्हणालो, माणसाने सावकाश जेवावं म्हणून. ती म्हणाली, ‘मगे मांजरान पण सावकाश जेवचा काय?’ त्यावर मी भूगोल काढला.

पण खरी आग लागली ती कौलामुळे. आमच्याकडे काही अडलं की गावदेवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतो, सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, आणि माणसं हात जोडून वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. सोयरीक, विहीर, भावकीतलं भांडण, सगळं त्यावर सुटतं. वर्गात वाद पेटला की पाकळी पाडतो कोण? मी म्हणालो, वाद कशाला, करून बघू.

मी माझ्या घरमालकिणीचा पाटा उचलून वर्गात आणला, भिंतीला उभा टेकवला आणि त्यावर जास्वंदीच्या पाकळ्या चिकटवायला लावल्या. तासभर आम्ही पाकळ्या लावत होतो. पाणी सुकलं की पाकळी पडते. कमी ओली आधी, जास्त ओली मागाहून. मिशीवाल्याने फळ्यावर ‘उजवी’, ‘डावी’ असे रकाने पाडले. आयुष्यात प्रथमच तो अभ्यासात रमलेला दिसला. तेवढ्यात घरमालकीण खिडकीशी आली आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘मास्तरांनू, देवाचा काय ता मागसून ठरवा! माझ्या आमटीचा वाटप खंय वाटू? तुमच्या डोक्यार?’

त्या रात्री अध्यक्षांच्या घरी मुलीने जेवता जेवता वडिलांना सांगितलं की गेल्या वर्षी कौल घेऊन विकलेली म्हैस देवाने नव्हे, पाण्याने विकली. ती म्हैस नव्या मालकाकडे भरपूर दूध देत होती, त्यामुळे अध्यक्षांना ते जास्तच लागलं.

समितीच्या बैठकीत मला बोलावलं. ‘पाकळी पाण्यान पडता असा तुमी शिकवलात?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘शिकवलं नाही, करून दाखवलं,’ मी म्हणालो. जीभ आवरली असती तर तो मी कसला.

निम्मे सभासद मला ठेवा म्हणत होते, निम्मे घालवा. अध्यक्ष थोडा वेळ मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, ‘मगे देवाकच इचारूया. रविवारी कौल लावू. उजवो पडलो तर मास्तर कायम. डावो पडलो तर मास्तरांनी आपलो पाटो घेऊन चालू लागाचा.’

नाही म्हणावं तर नोकरी जाते, हो म्हणावं तर वर्गात सांगितलेलं सगळं खाली पडतं. मी हो म्हणालो. तोंडवलीला भावी सासऱ्यांना कळलं, तर ते उलट खूश झाले. ‘देवाचो शब्द म्हणजे सरकारी कागदापेक्षा पक्को,’ असं म्हणत रविवारी धुतलेलं धोतर नेसून हजर झाले.

गुरवाने पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं झालं, सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. मी मनातल्या मनात पाकळ्यांच्या ओलीचा अंदाज घेत होतो. माझ्या जन्मभराचा संसार त्या काळ्या दगडाला चिकटून बसला होता आणि मला दुसरं काहीही सुचत नव्हतं. सासऱ्यांना शिंक आली, ती त्यांनी दोन्ही हातांनी दाबली. शिंकेच्या वाऱ्याने पाकळी हलली असती तर मी त्यांना माफ केलं नसतं.

उजवी पडली. अध्यक्षांनी मला मिठीच मारली. माणूस हरला तरी दिलदार होता. सासऱ्यांनी तिथेच गुरवाला वैशाखातले मुहूर्त विचारले. मी आनंदाने जवळजवळ ओरडलो आणि लगेच स्वतःचाच राग आला, कारण मुलं सभामंडपातून माझ्याकडे बघत होती.

पुढच्या शनिवारी मी वर्गात गेलो तर मिशीवाला खाली मान घालून उभा. म्हणाला, ‘सर, माझ्याकडसून देवाचो अपराध झालो.’

रविवारी पहाटे, गुरव विहिरीवर गेला असताना, हा पठ्ठ्या गाभाऱ्यात शिरला होता. कोवळ्या फणसाचा चीक त्याने पानात आणला होता. डावी पाकळी जिथे लागते तिथे त्याने तो माखून ठेवला. डावी चिकटून राहील, उजवी पडेल, मास्तर राहतील. ‘तुमी गेलात तर परत ती स्तोत्रा म्हणूची लागती,’ तो म्हणाला.

मला गहिवरून आलं. तेवढ्यात अध्यक्षांची मुलगी मागे वळली. ‘डावी म्हणजे खंयची? तुझी काय देवाची?’

मिशीवाल्याने हात उचलला. समोर देव आहे असं धरून हवेत चीक लावला. मग तसाच थांबला. ‘माझी,’ तो म्हणाला.

कौलात उजवं-डावं देवाचं धरतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ह्याने सराव केला होता माझ्या पाट्यावर. पाट्याला तोंड नसतं, म्हणून आम्ही तासभर आपल्याच हाताने उजवं-डावं मोजलं होतं. देवासमोर उभं राहून जी आपली डावी, ती देवाची उजवी. म्हणजे मला वाचवायला निघालेल्या माझ्या विद्यार्थ्याने माझीच पाकळी चिकटवून ठेवली होती, आणि ती चिकटवलेली पाकळी पडली होती.

मी म्हणालो, देवाला रोज तेल लावतात, तेलावर चीक धरत नाही.

‘बरा,’ मुलगी म्हणाली, ‘चीक धरूक नाय. मगे दोनय पाकळ्यो सारख्याच. तरी तीच आधी कित्याक पडली?’

‘एक कमी ओली असेल.’

‘असात. पण नेमकी तीच?’

‘मगे देव आसा काय, सर?’ मिशीवाल्याने विचारलं. चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं, कारण त्यावर त्याचा अपराध किती मोठा हे ठरणार होतं.

आठवड्यापूर्वी मी काहीतरी ठोकून दिलं असतं. तात्पुरत्या मास्तराला प्रत्येक उत्तर यावंच लागतं. पण आता मला कोणी काढणार नव्हतं. खडू टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून वर्गाकडे तोंड करून बसलो आणि म्हणालो, ‘मला माहीत नाही.’

‘माका पण नाय,’ मुलगी म्हणाली, आणि सरकून बाकावर शेजारी मिशीवाल्याला जागा करून दिली.

मग जो वाद सुरू झाला तो शाळा सुटल्याची घंटा झाली तरी संपेना. कोणी उठेना. शेवटी मलाच भूक लागली, म्हणून मी उठलो.