बावीस झाडांची हजेरी

आमच्या हिच्या मामांइतका छपराशी उभा दावा मांडलेला माणूस अख्ख्या वरळीत शोधून सापडायचा नाही. सर्दी-पडशापासून सासू-सुनेच्या अबोल्यापर्यंत माणसाची सगळी दुखणी चार भिंतींच्या आत तयार होतात आणि बाहेर नेली की निम्मी होतात, असं त्यांचं सरळ शास्त्र. दाढी गॅलरीत, पेपर मैदानाच्या कठड्यावर, दुपारचा चहा पिंपळाच्या पारावर. एका भाचीच्या लग्नात एसी हॉलमध्ये जेवण होतं, तर हे ताट घेऊन तडक पार्किंगमध्ये गेले आणि तिथल्या एकुलत्या एक अशोकाखाली जेवायला बसले. मामांसोबत फोटो हवाच म्हणून नवरा-नवरीला तिथे यावं लागलं. त्या फोटोत मागे दोन स्कूटर आणि एक वॉचमन आहे, पण अख्ख्या अल्बममध्ये नवरी मनापासून हसलीय ती त्याच एका फोटोत.

मामांच्या बीडीडी चाळीत कुणा नवरा-बायकोचं वाजलं की मामा दारात उभे. "भांडा, बिनधास्त भांडा, पण मैदानात चला. आत भांडलेलं भिंतीत मुरतं!" मामांपुढे कोण बोलणार? दोघं निमूट खाली उतरायची आणि दहा पावलांत त्यांचा आवाजही उतरायचा. बाहेर मोठ्याने भांडावं तर लोक बघतात आणि हळू भांडण्यात काही मजा नाही. दुसऱ्या फेरीला ती वडापावच्या गाडीपाशी उभी दिसायची. मामा याचं सगळं श्रेय झाडांना द्यायचे. थोडं वडापावलाही द्यायला हरकत नव्हती, असं माझं मत आहे.

पण त्यांचा खरा कारभार हजेरीचा. तीसेक वर्षं एका कचेरीत ते हजेरीपुस्तक सांभाळत होते. निवृत्त झाल्यावर सवय सुटेना आणि घरातली माणसं हजेरी देईनात, म्हणून त्यांनी चाळीसमोरच्या मैदानातल्या बावीस झाडांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. रोज सकाळी वही काखेत मारून जायचं, खोडावर तळहात ठेवायचा, नाव घ्यायचं आणि झाडाच्या वतीने स्वतःच "हजर" म्हणायचं. पिंपळाला आधी जयभीम, कारण तो सगळ्यांत सिनियर. देशी बदामाची पानं लाल होऊन गळाली की त्याच्यापुढे 'रजेवर'. एका वर्षी गुलमोहर उशिरा फुलला, तर त्याला लेटमार्क. "उगाच नाही लावला," मला म्हणाले, "आधी कारण विचारलं होतं."

हे सगळं मी हिला रंगवून सांगायचो आणि पोटभर हसायचो. मग माझी पाळी आली. त्रेपन्नाव्या वर्षी कंपनीने आमचा विभागच बंद केला आणि मी परळच्या घरात बसलो. पडदे ओढलेले, फोन पालथा. खाली उतरलो आणि कुणी "सध्या काय करता?" विचारलं तर, या भीतीने मी दूध आणायलासुद्धा जाईनासा झालो. हिने दोन महिने समजावलं, मग हात टेकून मामांना बोलावलं. मामा आले ते पाणीही न पिता वही उघडून माझ्यासमोर उभे राहिले. बावीस झाडांच्या खाली, तेवीस नंबरला माझं नाव होतं आणि त्यापुढे 'गैरहजर'.

"जावईबापू, उद्यापासून हजेरी लागली पाहिजे. बोलायचं काही नाही. नुसतं यायचं."

भिडेखातर गेलो. मामांनी मला बदामाखाली बसवलं आणि ते आपल्या कामाला लागले. सल्ला नाही, धीर नाही, नोकरीची चौकशी तर नाहीच. मी आपला बसून बघत राहायचो. एक कावळा घरट्यासाठी कुठून तरी वाकडी तार आणायचा आणि दर वेळी खाली पाडायचा. त्याची ती खटपट बघताना एक दिवस लक्षात आलं, की गेला तासभर मी स्वतःचा विचारच केलेला नाही. नोकरी काही मिळाली नव्हती. अडचण तेवढीच होती, पण तिच्याभोवती जरा मोकळी जागा झाली होती. त्या जागेतूनच मी पुढे वाट काढली, शिकवण्या घ्यायला लागलो. मामांचे माझ्यावर हे उपकार आहेत आणि ते फेडण्यासारखे नाहीत.

पुढे चाळ पडून टॉवर झाला आणि मामांना विसाव्या मजल्यावर घर मिळालं. त्यांनी कुरकुर केली नाही. "जन्मभर संडासाला रांग लावलीय. आतल्या संडासाला नावं ठेवायची नाहीत," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. एवढंच म्हणाले, की वर वारा भरपूर आहे, पण ओळखीचा नाही. रोज लिफ्टने उतरून हजेरी चालूच होती. मग ते पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी खाली उतरणं बंद केलं. खिडकीतून मैदान दिसत नाही, समोरचा दुसरा टॉवर दिसतो. ज्याने मला पडद्याआडून बाहेर ओढलं, तोच माणूस आता भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. तेव्हा मी वही मागून घेतली. आता रोज सकाळी मी मैदानात उभा राहून फोन लावतो. मामा वरून नावं घेतात, मी खोडावर हात ठेवून "हजर" म्हणतो. तेवीस नंबरला ते विचारतात, "जावईबापू?" मी म्हणतो, "हजर," आणि ते फोन ठेवतात.

गेल्या महिन्यात सकाळी पोहोचलो तर बदाम आडवा. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने मुळासकट गेला होता. फोन लागला, नावं सुरू झाली. "बदाम?" मामांनी विचारलं. त्या म्हाताऱ्या जिवाला काय सांगायचं? मी म्हटलं, "हजर."



"तीस वर्षं हजेरी घेतलीय, जावईबापू. दुसऱ्याच्या नावाने हजर म्हणणाऱ्याचा आवाज मला कळतो. केव्हा पडला?"

"काल."

"गैरहजर लावा." मग त्यांनी उरलेली नावं घेतली. एकही चुकलं नाही. "जावईबापू?"

"हजर."

ते फोन ठेवणार, तेवढ्यात मी म्हणालो, "थांबा मामा, एक नाव राहिलं." इतक्या वर्षांत त्या वहीत त्यांनी स्वतःचं नाव कधी लिहिलं नव्हतं. बदामाने मोकळ्या केलेल्या उन्हात उभा राहून मी चोवीस नंबर घातला आणि हाक मारली, "मामा?"



"हजर," ते म्हणाले, "पण छपराखाली."