दाराला कडी लावून वाचलेली कादंबरी

माझं शिक्षण एका भयंकर कादंबरीमुळं झालं असं मी सांगते, तेव्हा नातवंडं हसतात. हसोत बापडी. ती लिहिणाऱ्याचं नावही आता मला आठवत नाही, पण त्याचे उपकार मी रोज मानते.

निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. घनसावंगीत मी सातवीत होते. पुढं शिकायचं तर अंबडला मामाकडं राहणं आलं. वडिलांचं म्हणणं, पोरीच्या जातीला सातवी पुष्कळ. वडीगोद्रीचं एक स्थळही त्यांनी हेरून ठेवलं होतं. पौष संपला की पाहुणे मला बघायला येणार होते. मला विचारायचा प्रश्नच नव्हता. मी आतल्या आत नुसती जळत होते.

अशात मामानं ती कादंबरी आणून दिली. पुढच्या काळातल्या एका शहराची गोष्ट. तिथं मूल जन्मलं की सरकार उचलून नेई, मोठ्या दालनात वाढवी आणि चौदावं लागलं की भोंगा वाजवून कुणी कुणाच्या घरात नांदायचं ते ठरवून टाकी. एक पोरगी भोंगा वाजताच पळून जाते, आणि मग सगळा पाठलागच.

आईला अक्षरओळख नव्हती. दुपारी ती बोंडांतून कापूस काढी आणि मी वाचून दाखवी. ही रचलेली गोष्ट आहे, असं मी दहादा सांगितलं. तिनं मनावर घेतलं नाही. छापलंय म्हणजे घडलंय, हा तिचा हिशोब. ते शहर हैदराबादच्या पलीकडं असणार, हेही तिनं परस्पर ठरवून टाकलं.

"अगं येडे, तिकडं नको जाऊ, उजेड हाये तिकडं!" असं ती त्या पोरीवर खेकसायची. शिपायांच्या बुटांचा आवाज जिन्यावर येतो, तिथं तर ती उठली आणि आमच्याच दाराला कडी घातली. "हळू वाच," म्हणाली. मी हसले नाही. रझाकारांच्या दिवसांत याच घरात, कणगीआड, माझ्या तोंडावर हात दाबून ती बसली होती.

शेवट वाईट होता. पोरगी सापडते आणि मान खाली घालून सांगितलेल्या घरात जाते. मी पुस्तक मिटलं. आई हातातलं बोंड तसंच धरून बसली.

"तिच्यासाठी कोनीच भांडलं न्हाई?"

"नाही."

"मंग तिची माय काय करून राह्यल्ती?"

"आई, तिथं आपली आई कोण हे कुणालाच ठाऊक नसतं."

"असं व्हय," आई म्हणाली आणि पुन्हा कापूस काढू लागली.

संध्याकाळी वडील शेतातून आले, पाय धुवून टेकले. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि जिनं तोवर नवऱ्याचा शब्द कधी मोडला नव्हता ती बाई म्हणाली, "पाव्हन्यांना येऊ नका म्हनून सांगा. पोरगी अंबडला शिकंल."

"हे कुनी ठरवलं?"

"मी. त्या पोरीला माय न्हवती."

"कोनत्या पोरीला?" वडिलांना काही कळेना.

आईनं खुलासा केला नाही. माझ्याकडं बोट दाखवून एवढंच म्हणाली, "हिला हाये."