परबकाकांचं धावणं

अंघोळ करून आले तरी परबकाकांच्या कानामागे घामाचं मीठ पांढरं राहिलेलं असे. मस्कतमधल्या अझैबाच्या किनाऱ्यावर दोन तास धावून ते अल् खुवैरच्या आमच्या ऑफिसात येत आणि इमारतींचे नकाशे काढायला बसत. मी नवखा. काम त्यांच्या शेजारी बसूनच शिकलो.

"काका, एवढं कशाला धावता?"

"धावलंय काय डोक्यातला सगळा गप बसता रे."

डोक्यात मीनल होती, त्यांची बारा वर्षांची मुलगी. मस्कतमध्येच वाढलेली. काकांच्या आईने अंथरूण धरलं, तेव्हा त्यांनी बायकोला आणि मीनलला कुडाळजवळच्या गावी पाठवलं. तिथल्या शाळेत तिच्या अडखळत्या मराठीला पोरं हसत. "आम्हाला पाठवलंस आणि तू राहिलास," असं एकदा म्हणाली आणि फोनवर यायचीच बंद झाली.

त्यातच तेलाचे भाव पडले. कुणाला घरी पाठवणार याची ऑफिसात रोज कुजबुज. काका आणखी लांब धावू लागले. जेवण म्हणजे बिनदुधाचा सुलेमानी चहा आणि खुबूसची रोटी. नडगी दुखायची, तर पट्टी बांधून धावत. एक दिवस ऑफिसच्या जिन्यातच मटकन बसले. मी त्यांना दवाखान्यात नेलं.

हाडाला बारीक तडा गेला होता. मल्याळी डॉक्टरने शांतपणे समजावलं. घामातून कॅल्शियम जातं, खाण्यातून पुरेसं येत नाही. त्यात मनावर सतत ताण असला, की खाल्लेलंही आतड्यात नीट शोषलं जात नाही. मग शरीर हाडातून काढून घेतं. "घरी काही टेन्शन?"

"नो टेन्शन, डॉक्टर."

गाडीत बसल्यावर मात्र मला म्हणाले, "गोळी खाईन रे. पण काळजी खंय ठेवू?"

सहा आठवडे धावणं बंद. वैशाली, माझी बायको, त्यांना रोज नाचणीची आंबील देई. काका आमच्या सोफ्यावर पाय लांब करून बसत. धावणं नसल्यामुळे डोक्यातलं आता गप बसेना. एका संध्याकाळी त्यांनी घरी फोन लावला. मीनल येत नाही, असं काकू म्हणाल्या असाव्यात.

"फोन तिच्या कानाक लाव. तिणा बोलाक व्हया असा नाय." मग थांबून म्हणाले, "मीनू, माजा चुकला. तुमका धाडलंय नि मी हंय रवलंय. मी येतंय."

काकांनी कितीतरी वेळ फोन कानापासून काढला नाही. वैशाली उठून स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. विमानतळावर मी म्हटलं, "काका, करमणार नाही हो." त्यांनी नुसती माझी पाठ थोपटली आणि किंचित लंगडत आत गेले.

त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मला वर्षभर चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. एका शुक्रवारी दुपारी राहवलं नाही, फोन केला. मुलीचा आवाज आला. "बाबा झोपलेत. उठवू?"

बोलायचं तर खूप होतं.

"नको गं," मी म्हटलं. "झोपू दे त्यांना."