दर्या दौलतच्या बागेत दोन आज्या

म्हैसूरला जाणारी माणसं येताना चंदनी साबण आणतात. मी नातीला, जुईला, पोचवायला निघाले होते. माझी लेक मेघा स्टेशनवर आलीच नाही. घरच्या दारात तिने जुईची वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली, तेव्हा मीच तिच्या हातातला कंगवा काढून घेतला. नवराबायकोचं कोर्टात ठरलं होतं : शाळेचं वर्ष मुलगी बापाकडे म्हैसूरला, सुट्टी आईकडे पुण्याला. वेगळं राहायला लागल्यापासून जुई माझ्याच कुशीत झोपायची. कोर्टाला त्याच्याशी काय घेणं?

विहीणबाईंनी फोनवर घरी बोलावलं होतं. त्यांचं घराणं म्हैसूरच्या जुन्या मराठी शिपायांचं, लष्कर मोहल्ल्यात मुरलेलं. मराठी बोलतात, पण कानडी फोडणीशिवाय वाक्य उतरत नाही. मी म्हटलं, तुमचा उंबरा चढायची नाही. त्या चिडल्या नाहीत. "परवागिल्ला (असू दे). मग दर्या दौलतला या. मगूला (लेकराला) बागपण दिसंल."

दर्या दौलत हा श्रीरंगपट्टणातला सुलतानाचा उन्हाळी महाल, म्हैसूरपासून तासाभराच्या आत. आता तिथे संग्रहालय आहे. सकाळी हॉटेलात चौ चौ भात (एकाच ताटलीत तिखट उपमा आणि गोड शिरा) घेतला. जुईने शिरा संपवला, उपमा माझ्याकडे सरकवला. रिक्षावाल्याला नाव नीट सांगूनही त्याने आम्हांला आधी घुमटापाशी, म्हणजे सुलतानाच्या कबरीपाशी नेलं.

"अहो, राहायचं घर सांगितलं होतं मी."

"तिकडे ते थोडे दिवस राहिले, अम्मा. इकडे कायमचे आहेत," तो म्हणाला आणि रिक्षा वळवली.

महाल लांबून दिसतच नाही. दोन्हीकडे झाडं, मधून सरळ वाट, आणि वाटेच्या टोकाला चारी बाजूंनी हिरवे पडदे सोडलेलं काहीतरी, दुखणाइताच्या खोलीसारखं. ऊन लागून चित्रं उडू नयेत म्हणून ते पडदे. आत शिरलं की सागवानी खांब, जुन्या लाकडाचा वास आणि इंच न्‌ इंच रंगवलेल्या भिंती. एका भिंतीवर अख्खी लढाई आहे. पालखीतला गोरा सेनापती बोट चावतोय.

"तो नखं का खातो?" जुईने विचारलं.

"हरतोय म्हणून."

तिने स्वतःचं बोट तोंडातून काढलं.

लग्न झाल्यावर मी इथे येऊन गेले होते. नायलॉनची साडी, डोळ्यांवर नवऱ्याच्या थोबाडाच्या मापाचा काळा चष्मा, आणि चाल अशी की महाल माझ्या माहेरचा. काळोख्या दालनात चष्मा काढायचं सुचलं नाही, त्यामुळे लढाई मला दिसलीच नव्हती. दिसलं ते एकच चित्र, कारण त्यात दागिने होते : तह झाल्यावर सुलतानाची दोन मुलींसारखी गोजिरी मुलं इंग्रजांकडे ओलीस दिली जात आहेत. गळ्यात मोत्यांचे सर. "अय्या, किती गोड! मला असाच सर करा ना," असं ती बया, म्हणजे मीच, नवऱ्याला म्हणाली. वर लाजली.

या खेपेला जुई त्याच चित्रासमोर थांबली. "ही कुठे चाललीयेत?"

मी तिला पुढे ओढू लागले, तेव्हा स्टुलावर बसलेल्या पहारेकरीणबाईंनी हिंदीतून सांगून टाकलं. वडील हरले, म्हणून मुलं दिली. काही वर्षांनी परत आली.

"मग त्यांनी आईला ओळखलं?"

"ते इथे लिहिलेलं नाही, बाळा."

चित्रात हत्ती आहेत, सैन्य आहे, देणारे आहेत, घेणारे आहेत. त्या सकाळी मुलांना न्हाऊ घालून मोती कोणी घातले, ती बाई कुठेच नाही.

विहीणबाई बागेत झाडाखाली बसल्या होत्या. जावईबापू फाटकाबाहेर गाडीतच. माझ्यासमोर यायची छाती नव्हती. मला पाहून त्या उठल्या. "या, कूतकोळ्ळी (बसा). ऊटा आय्ता (जेवण झालं)?"

"तुमच्याकडे जेवायचं नाही म्हणून उपाशी नाही आले."

"ते दिसतंय की अंगावर," त्या म्हणाल्या. एरवी मी हसले असते.

त्यांनी सगळं विचारलं. ताप आला तर कुठलं औषध चालतं, भेंडी खाते का, अंधाराला भिते का. मी तुटक उत्तरं देत गेले. मग म्हणाल्या, "निजताना काय लागतं तिला?"

"काही नाही."

लागतं. गालाखाली माणसाचा तळहात लागतो, नाहीतर डोळा मिटत नाही. मी मुद्दाम लपवलं. चार रात्री जागवील, सगळं घर मेटाकुटीला येईल आणि हात जोडून परत पाठवतील, असा या म्हातारीचा डाव होता. जुई शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

विहीणबाईंनी माझ्या हातात तांबूल (पान, सुपारी, नारळ) ठेवलं. नाही म्हणायचं ठरवून आले होते. घेतलं. जुईने मला मिठी मारली, बॅग उचलली आणि "चला, अज्जी," म्हणत त्यांचा हात धरला. रडली नाही. मागे पाहिलं ते एकदाच, फाटकापाशी.

म्हैसूर स्टेशनवर गाडीला वेळ होता. बाकावर बसले, तर डोळ्यांसमोर जुई : अनोळखी पलंगावर, टक्क उघड्या डोळ्यांनी. घर बापाचं असो की आईचं, जागणार तीच होती. विहीणबाईंना फोन लावला. "निजताना तिच्या गालाखाली हात ठेवावा लागतो," मी सांगितलं.

"गोत्तु (ठाऊक आहे). गाडीत बसल्या बसल्या तिनंच सांगितलं. उजवा का डावा, तेवढं इचारायचं ऱ्हायलं."

"डावा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी घरी पोचले. मेघाने बेल वाजण्याआधीच दार उघडलं. माझी पिशवी घेतली, आणि माझ्या खांद्यावरून मागच्या जिन्याकडे पाहत राहिली.