चौदाव्या पानावरची चूक

सकाळी कॉलेजला निघायच्या घाईत फोन वाजला. बोरी अरबहून सुनंदा मॅडमचे धाकटे भाऊ बोलत होते. "पोरी, ताई गेली..." हृदयविकाराचा झटका आला होता. याला आता दीड महिना होईल. पण मॅडमची आठवण आली की मला हटकून दोन वर्षांपूर्वीचा एक शुक्रवार आठवतो.

मॅडम यवतमाळला आम्हाला गणित शिकवत. पुढे मी त्यांच्याच विभागात लागले. शेंगदाण्याची कागदी पुडी हातात धरून त्या सांगायच्या, "कागद सगळीकडे गुळगुळीत हाये, पण टोकापाशी आपले सारे नियम मोडतात. गंमत तिथंच हाये." अशा टोकं आणि कडा असलेल्या जागांचे स्तर, म्हणजे गुळगुळीत भाग, कड, टोक, वेगळे करायचे, ते एकमेकांना भिडतात तिथे उष्णता कशी पसरते ते शोधायचं, यात त्यांची अकरा वर्षं गेली. शेवटी एका परदेशी नियतकालिकाने त्यांचा शोधनिबंध स्वीकारला. कॉलेजने शनिवारी सत्कार ठेवला. छपाईआधी एकदा नजर फिरव म्हणून त्यांनी प्रत मला दिली, आणि सोमवारी चौदाव्या पानावर माझं बोट थांबलं. एका टोकासाठी सिद्ध केलेली उष्णतेची मर्यादा त्यांनी, टोकांची अख्खी कड जिथे संपते त्या बिंदूलाही लावली होती. तिथे ती टिकत नव्हती. मी पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं... चूक माझीच निघावी म्हणून.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन ते पान पुढे ठेवलं. मॅडम वाचत राहिल्या. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, पण उठून गॅस बंद करायचं दोघींनाही सुचेना.

"कधी दिसलं तुले?"

"सोमवारी."

"मंग चार दिवस गप्प काहून राह्यली?"

"उद्या तुमचा सत्कार..."

"आग लाव त्या सत्काराले! चार दिवस मी लोकाईले खोटं सांगून राह्यली ना!"

दुसऱ्या दिवशी शाल अंगावर घेण्याआधीच त्यांनी माईक घेतला. "माझी सिद्धता चुकली हाये. निबंध मी परत मागवला. चूक या पोरीनं काढली." प्राचार्यांच्या हातातली शाल तशीच राहिली. सगळं सभागृह माझ्याकडे वळून पाहत होतं. नंतर तीन आठवडे मॅडम माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी नोकरी सोडायचा विचार करू लागले. मग एका दुपारी स्टाफरूममध्ये समोर येऊन म्हणाल्या, "रविवारी ये. जिथं तुटलं तिथूनच पाहू."

पुढची जवळजवळ दोन वर्षं आम्ही दर रविवारी त्यांच्या घरी बसलो. दोन स्तरांपुरतं सिद्ध झालं, ते दोघींच्या नावानं छापूनही आलं. त्या शेवटच्या बिंदूनं मात्र दाद दिली नाही.

तेरवीनंतर मॅडमच्या यवतमाळच्या घरी त्यांच्या भाऊंनी विचारलं, "ताईचं ते गणित सुटलं का?"

"अर्धंच."

"मंग हे घर इतक्यात इकत नाही. चावी तुह्यापाशी राहू दे."

मी जाते रविवारी. टेबलाशी दोन खुर्च्या आहेत. खिडकीजवळच्या खुर्चीत मॅडम बसायच्या, उजेडही तिथेच चांगला येतो. मी दिवा लावते आणि माझ्याच खुर्चीत बसते.